केनेडींची पणजी लेखात का नाही?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकेतल्या आयरिश स्थलांतरितांवरचा लेख वाचला. आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडणारी बटाट्यावरची कीड, जहाज, न्यूयॉर्क आणि थेट १९६० साली निवडून आलेले जॉन केनेडी, अशा चार ढांगांत लेख आटोपतो. कीड नव्हती, करपा होता. पण ते सोडा. मधल्या दोन पिढ्यांचा संसार लेखातून गळला आहे आणि खरी ओढाताण तिथेच झाली.

त्यासाठी केनेडींच्या घराबाहेर जाण्याचीही गरज नाही. त्यांचे पणजोबा पॅट्रिक वेक्सफर्ड परगण्यातून बोस्टनला आले आणि लाकडी पिंपे बनवू लागले. १८४९ साली त्याच परगण्यातल्या ब्रिजेट मर्फीशी त्यांचे लग्न झाले. पाच मुले झाली, त्यांतला थोरला मुलगा तान्हेपणीच गेला. १८५८ च्या नोव्हेंबरात पॅट्रिक वारले तेव्हा धाकटा पी. जे., म्हणजे जॉन केनेडींचे आजोबा, दहा महिन्यांचा होता. ब्रिजेटबाईंनी लोकांच्या घरी कामे केली, पुढे ईस्ट बोस्टनमध्ये सुई-दोरा, कागद असल्या किरकोळ वस्तूंचे दुकान घेतले आणि चार मुले वाढवली. पी. जे. आधी गोदीत राबला, मग दारूचे गुत्ते चालवू लागला आणि १८८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात पोहोचला. लेखात या बाईंचे नावही नाही.

लेखातली चित्रे पाहून वाटते की कुदळ-फावडे घेतलेले एकटे पुरुषच तेवढे गेले. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंड सोडणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, त्याही बहुतेक बिनलग्नाच्या. १८५५ च्या शिरगणतीत न्यूयॉर्क शहरातल्या घरकाम करणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आयरिश भरल्या. वृत्तपत्रांतल्या जाहिरातींत ‘आयरिश नकोत’ असे छापले जाई हे खरे. पण दुसरे कोणी मिळत नसल्याने अखेर त्यांनाच ठेवावे लागे.

अख्खे घर एकदम क्वचितच निघे. ते हप्त्याहप्त्याने जाई. आधी एक मुलगी किंवा मुलगा, मग त्यांच्या पैशांवर पुढचे भावंड, शेवटी जमले तर आईवडील. लिव्हरपूल ते न्यूयॉर्क जहाजाच्या तळातले भाडे चार पौंडांच्या आसपास, म्हणजे १९-२० डॉलर. घरकामाला महिन्याला सहा डॉलर धरले तर ही तीन महिन्यांहून जास्त दिवसांची सगळी कमाई. तरीही तिकिटे मुलीच जास्त पाठवू शकत, कारण मालकाच्या घरी राहणे-जेवण फुकट असे आणि पगार शिल्लक पडे. मजुराला दिवसाला एक डॉलर मिळे, पण त्यातून भाडे, सरपण, जेवण जाई. पावसात खाडा पडे आणि थंडीत कालवे गोठले की महिनोन्‌महिने हात रिकामे. तिकिटाचे पैसे अमेरिकेतल्या दलालाकडे भरायचे, तो देईल तो दाखला टपालाने गावी पाठवायचा आणि प्रवाशाने तो लिव्हरपूलच्या कचेरीत दाखवून जागा घ्यायची, अशी ही पद्धत. घरखर्चासाठी वेगळी हुंडी जाई. ब्रिटिश सरकारच्या स्थलांतर आयुक्तांच्या हिशेबाने १८४८ ते १८६४ या काळात उत्तर अमेरिकेतून असे सुमारे एक कोटी तीस लाख पौंड आले.

न्यूयॉर्कला १८५० मध्ये उघडलेल्या एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँकेच्या नोंदवह्या या बाबतीत फार बोलक्या आहेत. अनेक खातेदारांना सही येत नसे, म्हणून ओळख पटवायला बँक प्रश्न विचारी: जन्मगाव कोणते, कोणत्या जहाजाने कधी आलात, आईवडिलांची नावे काय, भावंडे कुठे आहेत, मुले किती. या वह्या चाळल्या की ‘उधळे आयरिश’ हे चित्र टिकत नाही. मोलकरणी, हमाल, गाडीवान यांची खाती तिथे पानोपानी दिसतात.

अडचण लग्नानंतर सुरू होई. लग्न झाले की घरकामाची नोकरी सुटे, म्हणजे खाणारी तोंडे वाढायच्या नेमक्या वेळी बाईचा पगार बंद. मग ती दोन खोल्यांत बिऱ्हाडकरू ठेवी. त्यांचे जेवण, कपडे, अंथरूण सगळे तिच्याकडे, पाणी अंगणातल्या नळावरून वर वाहायचे, पैसे आठवड्याला. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाईंना हा हिशेब लगेच कळला असता. शिरगणतीत मात्र तिच्या नावापुढे धंद्याचा रकाना बहुधा कोराच असे. पुरुषाची मजुरी तेवढी धरून काढलेले या कुटुंबांच्या उत्पन्नाचे आकडे म्हणूनच कच्चे आहेत.

मुले दगावत ती मुख्यतः उन्हाळ्यात, जुलाबांनी. न्यूयॉर्कमध्ये दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे असत. भट्टीतला उरलेला गरम चोथा गाईंना घालत. त्यांचे दूध पातळ, निळसर निघे. ते दाट आणि पांढरे दिसावे म्हणून खडू, पीठ, प्लॅस्टर मिसळत. १८५८ साली एका सचित्र साप्ताहिकाने हा प्रकार उघडा पाडला, १८६२ मध्ये राज्याने कायदा केला, तरी भेसळ थांबली नाही. ज्या आईला कामासाठी बाहेर पडावे लागे तिच्या बाळाला हेच दूध. शहरातल्या ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट या चाळीचे आज संग्रहालय आहे. तिथे राहणाऱ्या एका आयरिश कुटुंबाची तान्ही मुलगी १८६९ मध्ये कुपोषणाने गेल्याची नोंद आहे.

‘दारूने अनेक संसार बुडाले’ हे लेखातले वाक्य अर्धेच खरे आहे. दारू होतीच. पण कर्त्या पुरुषाचा अपघात किंवा साथीत मृत्यू हे कारण त्याहून मोठे, आणि कायदा कुटुंबाच्या विरुद्ध होता. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सहकाऱ्याच्या चुकीने कामगार जायबंदी झाला तर मालक जबाबदार नाही. रेल्वेवर किंवा गोदीत बहुतेक अपघात कोणा ना कोणा सहकाऱ्याच्याच चुकीने होतात! त्या राज्यात भरपाईचा कायदा यायला १९११ उजाडले. तोवर विधवेपुढे धुणे, शिवण, बिऱ्हाडकरू, नाहीतर मुलांना अनाथाश्रमात ठेवणे एवढेच मार्ग.

काही पुरुष मेलेही नाहीत, हरवले. काम पुढे सरके तशी रेल्वेची छावणी हले, पत्र जुन्या पत्त्यावर पडून राही. बोस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्राने १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या माणसांचे सदर चालवले. आयर्लंडमधला परगणा, तिथला पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग), वाडी, निघाल्याचे साल, शेवटची खबर कुठून आली, शोधणाऱ्याचे नाव-पत्ता, असा मजकूर असे. वाडीपर्यंतचा तपशील द्यावाच लागे, कारण एकाच नावाची माणसे शेकड्यांनी होती. आज बोस्टन कॉलेजने या जाहिराती शोधता येतील अशा केल्या आहेत.

लेखाचा दुसरा भाग अमेरिकेतल्या यादवी युद्धावर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात पलटणींच्या पराक्रमाबरोबर जुलै १८६२ च्या निवृत्तिवेतन कायद्याला जागा द्यावी. साध्या शिपायाच्या विधवेला त्यानुसार महिन्याला आठ डॉलर मिळत. मात्र लग्नाचा दाखला, मुलांच्या जन्माचा किंवा बाप्तिस्म्याचा पुरावा आणि ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागत. लग्न आयर्लंडमध्ये झाले असेल तर तिथल्या पाद्र्याला पत्र जाई आणि अर्ज तेवढा काळ अडून राही. या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. काहींत नवऱ्याने छावणीतून लिहिलेली पत्रेही सापडतात, कारण तो घरी पैसे पाठवत होता हे सिद्ध करायला बायकोने किंवा आईने ती मूळ प्रतीच जोडून दिल्या.

आपले,
स्थलांतराच्या इतिहासाचे काही अभ्यासक, पुणे