निळ्यात चिमूटभर लाल

गावभाग, सांगली

चाचा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर कागदावर लिहून मिरजेला पाठवणार होते. पण माडी बघून गेलेला प्रत्येक जण "ही लाकडी जमीन पॉलिश कुणी केली?" असं विचारतो. गुडघ्यांमुळे तुम्ही नवं काम घेत नाही, म्हणून मी पत्ता देत नाही, आणि लोकांना वाटतं ही बाई लपवतेय. तेव्हा निदान तुम्ही काय केलंत ते चारचौघांना कळू दे. नातवाला वाचून दाखवायला सांगा. कुठे चुकीचं लिहिलं असेल तर त्याच्याच हाती बोलणी पाठवा.

माझं गाऱ्हाणं तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. आमची माडी जुन्या सागवानी फळ्यांची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा खालचं होतं नव्हतं ते सगळं आम्ही माडीवर चढवलं. ओल्या लोखंडी ट्रंका कितीतरी दिवस तशाच फळ्यांवर होत्या. उचलल्या तेव्हा खाली निळसर काळे चौकोन उमटलेले. पुढे बरीच वर्षं त्यांच्यावर सतरंजी टाकून आम्ही दिवस काढले. शेवटी पैसे जमले आणि जमीन घासून पॉलिश करायचं ठरलं.

पहिल्या कारागिराने मशीन फिरवलं, काळे चौकोन थोडे फिके केले आणि तेलावर चालणाऱ्या पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन वार्निशचे, तीन हात दिले. काम चोख. पण जमीन नारंगी झाली. संध्याकाळी दिवा लागला की आणखीच. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जमिनीला हळद लागली गं, आता नवरदेव कुठाय?" हळदीच्या गावात हा विनोद फारच झोंबला.

मग भाच्याने व्हिडिओ बघितले. नारंगीच्या विरुद्ध निळा, म्हणजे निळसर राखाडी स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, दिला की झालं, असं त्याचं म्हणणं. पुन्हा मशीन, पुन्हा धूळ, आणि त्यावर राखाडी रंग. जमीन हिरवी झाली! घाटाच्या शेवटच्या पायरीवरच्या शेवाळासारखी. भाचा आठवडाभर माडीवर फिरकला नाही.

त्याच दिवसांत सासूबाईंचा तानपुरा जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून सूर खुलवायला, मिरजेला आणला होता. वाद्यांच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर तुम्ही बसला होतात. मालकांशी बोलता बोलता मी जमिनीचं रडगाणं लावलं, तर तुम्ही मान वर करून एवढंच विचारलंत, "वर दिवा कुठला लावता?" मला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. चाचा, माफ करा.

तुम्ही आलात तो दिवस मी विसरणार नाही. आल्या आल्या दिवे बंद करायला लावलेत, खिडक्या उघडल्यात आणि फळीवर एक पांढरा कागद ठेवलात. "कागद पांढरा दिसेल तिथेच लाकूड खरं बोलतं," म्हणालात. मग दिवा लावला, तर कागदच पिवळा! २७०० केल्विनचे पिवळे बल्ब मीच हौसेने लावले होते. म्हणजे हळदीतली थोडी हळद बल्बची होती. बाकीची सागाची स्वतःची आणि तेलाच्या पीयूची. तेलाचं पीयू मुळातच मधासारखं असतं आणि दिवसेंदिवस आणखी पिवळं होतं, हे मला तुमच्याकडून कळलं. घेताना डब्यावर फक्त 'क्लिअर' एवढंच वाचलं होतं.

पण मला खरी मजा वाटली ती भाच्याच्या हिरव्या रंगाची. त्याला बोलावून घेतलंत. तो मान खाली घालून उभा, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. "पोरा, तू अर्धा बरोबर होतास." घासून पीयू निघाल्यावर उरलं होतं ते सागाचं पिवळं. नारंगी नव्हतं. पिवळ्यावर निळा गेला की हिरवा होणारच, हे तर माझ्या चौथीच्या वर्गातली मुलंही सांगतील. पिवळ्याला मारायला जांभळा लागतो. भाच्याच्या निळ्यात चिमूटभर लाल पडायला हवा होता, बस्स. बशीत तुम्ही ते करून दाखवलंत. आधी मातकट तपकिरी, मग निळ्याचा ठिपका, मग त्याहून लहान लालचा ठिपका. हिरवी झाक डोळ्यांसमोर विझली.

हे तुम्हाला कसं येतं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही तानपुऱ्याकडे बोट केलंत. भोपळा एका वेलीचा आणि दांडी तुणीच्या लाकडाची. एक फिकट, दुसरी लालसर. दोन्ही मिळून एकच वाद्य दिसायचं असेल तर कुणाची झाक कुठे दाबायची, कुठे उचलायची, यातच तुमची चाळीस वर्षं गेली. आमच्या घरात तानपुरा तीन पिढ्या आहे. पण दांडी आणि भोपळा एका रंगाचे का दिसतात, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नव्हता.

ट्रंकांचे काळे चौकोन आधी काढायला हवेत, असंही तुम्हीच सांगितलंत. त्यावर गडद रंग लावून झाकायचा माझा बेत होता. ओलं लोखंड आणि लाकडातला तुरट अंश एकत्र आले की काळी शाई तयार होते, आणि शाईवर रंग चढवला की ती खालून डोकावते. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने ती शाई फिकी झाली. ते पाणी देताना हातमोजे, नंतर साध्या पाण्याने तीनदा पुसणं, आणि सुकलेली भुकटी घशात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं. यातलं एकही तुम्ही चुकू दिलं नाहीत. खिळ्यांची डोकी आत ठोकून घेतलीत तीही त्याच दिवशी.

माझा धीर सुटला तो नमुन्यांपाशी. पलंगाखालच्या फळीवर तुम्ही हातभर रुंदीचे सहा पट्टे ओढलेत, आणि प्रत्येकावर शेवटचा हातही दिलात, कारण वरचा थर बसल्याशिवाय खालचा रंग खरा दिसत नाही. मग तीन दिवस काहीच नाही. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा. मला पहिल्या दिवशी दुसरा पट्टा आवडला होता. तिसऱ्या रात्री तोच पट्टा गुलाबी दिसायला लागला, तेव्हा मी गप्प बसले.

आता तुमच्या बाटलीबद्दल. फिकट चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून तुम्ही ती आमच्या फडताळात ठेवलीत आणि ताकीद दिलीत, कुणी हलवायची नाही. चार दिवसांनी मेण तळाशी बसलं. वरचं निवळ तेवढं तुम्ही अलगद ओतून घेतलंत. मेण राहिलं तर वरचं पीयू धरत नाही, असं म्हणालात. त्या निवळाचा एकच पातळ हात दिलात, म्हणजे सागाचं तेल वर येत नाही आणि पाण्याच्या पीयूखाली लाकूड मेल्यासारखं पांढुरकं दिसत नाही. मग पाण्याचं पीयू. डब्यात दुधासारखं पांढरं दिसलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पण सुकल्यावर ते काचेसारखं झालं. पहिल्या हातानंतर लाकडाचे बारीक रोवे उभे राहिले, ते तुम्ही २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हातानेच बसवलेत. मशीनला शिवू दिलं नाहीत.

जमिनीचा रंग आता ताक घुसळायच्या जुन्या रवीसारखा आहे. ना पिवळा, ना लाल. बल्ब बदलून ४००० केल्विनचे, पांढऱ्या उजेडाचे लावलेत. सतरंजी अजून अंथरलेली नाही. सागाला उजेड खाऊ द्या, नाहीतर सतरंजीखालचा तुकडा वेगळा राहील, हे सासूबाईंना रोज सांगावं लागतं. खिडकीजवळच्या एका ट्रंकेची कड अजून पुसट दिसते. तुम्ही ती खरवडून काढायला तयार होतात, मीच नको म्हटलं. पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची खूण खालच्या भिंतीवर आहे, आणि आम्ही कुठे बसून होतो त्याची खूण वर राहू दे.

मजुरीचं मात्र मला अजून पटलेलं नाही. पाकिटातून तुम्ही चार दिवसांची रोजी मोजून घेतलीत आणि उरलेलं भाच्याच्या खिशात कोंबलंत. तो आता रविवारी मिरजेला तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसायला यायचं म्हणतोय. त्याच्या आईला मी कसं समजवायचं, ते तुम्हीच सांगा.

बाटलीत अजून बोटभर निवळ शिल्लक आहे. हलवलेली नाही. नातू रिक्षाने आणून सोडील तेव्हा घेऊन जा. माडीचा जिना चढवत नसेल तर खाली खुर्ची टाकते, सासूबाई तानपुरा खालीच आणून ठेवतील.

तुमची,
गावभागातली मास्तरीण