चौथ्याचेही नाव छापावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युरोपीय दर्यावर्दींवर मराठीत लेख येतात, पण ते सहसा कोलंबस नि कोर्तेसपाशीच थांबतात. आल्वार नून्येस काबेसा दे वाका या सोळाव्या शतकातील स्पॅनिश प्रवाशावर आपल्या रविवार पुरवणीत सविस्तर लेख यावा आणि त्यात त्याचा सहप्रवासी एस्तेबानिको वगळला जाऊ नये, ही विनंती.

1527 मध्ये नार्वाएस या स्पॅनिश सरदाराची मोहीम सुमारे 600 माणसे घेऊन स्पेनहून निघाली. काबेसा दे वाका तिचा खजिनदार, म्हणजे तोही मुलूख जिंकायलाच निघालेला. फ्लोरिडात जहाजांशी ताटातूट झाली. उपाशी लोकांनी घोडे मारून खाल्ले, रिकिबी वितळवून खिळे पाडले, सदऱ्यांची शिडे शिवली आणि स्वतः बांधलेल्या पाच होड्या समुद्रात लोटल्या. 1528 च्या नोव्हेंबरात त्यांतले काही जण आजच्या टेक्सासच्या किनाऱ्याजवळील बेटावर येऊन पडले. त्यांची दैना पाहून तिथले मूळ रहिवासी शेजारी बसून मोठ्याने रडले, हे काबेसा दे वाकानेच लिहिले आहे. जिंकायला आलेला माणूस हे लिहितो, म्हणून 1542 मध्ये छापलेला त्याचा वृत्तान्त मला फार मोलाचा वाटतो.

पुढे वैदूगिरी करत, गावोगावच्या लोकांच्या सोबतीने चालत, 1536 मध्ये मेक्सिकोतील स्पॅनिशांपर्यंत पोचले ते चौघेच. भेटलेले स्पॅनिश गुलाम पकडायला निघाले होते! सोबत आलेल्या माणसांना त्यांच्या तावडीतून वाचवण्यासाठी काबेसा दे वाका त्यांच्याशी भांडला.

पण चौघांतला एक स्वतःच गुलाम होता. एस्तेबानिको मोरोक्कोतील अझेमूरचा. पोर्तुगीजांनी गोव्यानंतर तीनच वर्षांनी, 1513 मध्ये, हे शहर घेतले. प्रवासात तिघे स्पॅनिश आपला दबदबा राहावा म्हणून लोकांशी कमी बोलत. सगळी बोलणी एस्तेबानिको करी, वाटा आणि पुढची गावे तोच विचारून घेई. वृत्तान्तातच हे नमूद आहे. तरी मेक्सिकोत अधिकृत निवेदन दिले ते तिघांनीच. त्याला मात्र 1539 मध्ये व्हाइसरॉय मेंदोसाने वाटाड्या म्हणून पुन्हा उत्तरेला धाडले. तिथल्या झुनी या मूळ रहिवाशांच्या गावी तो मारला गेला.

त्याने स्वतः लिहिलेले काहीच उरलेले नाही. म्हणून लेखासोबत या प्रवासाचा नकाशा छापाल तेव्हा त्यावर एकट्या काबेसा दे वाकाचे नव्हे, तर दोरांतेस आणि कास्तियो हे उरलेले दोघे स्पॅनिश आणि एस्तेबानिको यांचेही नाव असावे.

कळावे,
आपला एक वाचक, सातारा