तिसऱ्या सहाचा निकाल

वडोदरा, रविवार दुपार

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी बाबांचा फोन: "तुझी आई रडीचा डाव खेळते." बुधवारी आईचा: "यांना सांग, वय झालं, आता तरी चिडू नका." गुरुवारी कोणाचाच नाही, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या काकूंना फोन लावला, तर त्या हसायलाच लागल्या. सोमवारपासून लुडोचा पट टीपॉयवर तसाच मांडलेला आहे म्हणे. कोणी हात लावायचा नाही. चहाचे कप मांडीवर घेऊन पिताय दोघं.

म्हणून हे लेखी. फोनवर सांगितलं तर दोघंही आपापल्या सोयीचं तेवढं ऐकाल.

आधी तिसरा सहा. आई म्हणते, लागोपाठ तीन सहा पडले की तिन्ही जळाले, अठराच्या अठरा. बाबा म्हणतात, तिसराच जळाला, आधीचे बारा चालले ते चालले. मी दोन दिवस विचार करत होते की भांडण नक्की कुठं आहे, आणि काल भाजी निवडताना उजेड पडला. आई सगळी दानं आधी टाकून घेते, तोंडाने "सहा, सहा, चार" म्हणते आणि मग सोंगट्या हलवते. बाबा प्रत्येक दानाला लगेच चालतात. आईच्या पद्धतीत तिसरा सहा पडतो तेव्हा पटावर काहीच हललेलं नसतं, त्यामुळे सगळं जाळणं सोपं. बाबांच्या पद्धतीत तोवर दोन चाली होऊन गेलेल्या असतात, आणि सोमवारी तर दुसऱ्या सहाला आईची सोंगटी मारूनही झाली होती. आता मेलेली सोंगटी जिवंत करायची का, हा खरा वाद. दोन्ही नियम घरोघरी चालतात, त्यामुळे कोणी कोणाला लबाड म्हणू नये.

निकाल असा: यापुढे पडलं दान की लगेच चाल, दोघांनीही. तिसरा सहा पडला तर तो एकटा जळेल आणि डाव समोरच्याकडे जाईल. आईच्या विरुद्ध दिला म्हणून रागावू नकोस गं. दानं साठवून ठेवायची तर ती लक्षात ठेवावी लागतात, आणि "मघाशी पाच होते की चार" यावरून तुमचं दिवाळीत काय झालं होतं ते मला आठवतंय. शिवाय तीन सहा लागोपाठ पडणं म्हणजे २१६ वेळा खेळायला घेतलं तर सरासरी एकदा. एवढ्यासाठी आठवडा अबोला?

बाबा, लुडोच्या डब्यातल्या नियमांच्या कागदाचा दाखला देऊ नका. इंग्रजांनी १८९६ साली लुडोचं पेटंट घेतलं, पण खेळ मुळात आपल्या पचीसीचा. कवड्या काढून फासा आणला, एवढंच. तो कागद म्हणजे नातवाने आजोबांना नियम शिकवण्यासारखं झालं.

आता आईचा लाडका नियम: एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली घरात जायची नाही. बाबा म्हणतात, हे तिनं मनाचं काढलंय. नाही हो, मनाचं नाही. हा चल्लस आठचा नियम आहे. आजीनं मला माजघरात शिकवला होता. खडूने पाच बाय पाचची पंचवीस घरं, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि मध्यभागी फुली. बाहेरचा फेरा सोळा घरांचा, आतला आठ घरांचा, आणि एकदम मधे घर. फासा नाहीच, चिंचोके फोडून केलेल्या चार डाळिंब्या. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ. आणि आतल्या फेऱ्यात शिरायचं तर आधी कोणाला तरी मारलेलं पाहिजे, नाहीतर बाहेरच फिरत बसा. आजी माझी सोंगटी मारताना आधी बोटाने घरं मोजायची, मग पुन्हा मोजायची, आणि मग हळूच "जा बाई, घरी जेवून ये" म्हणून उचलायची. तो आवाज अजून कानात आहे.

पण तिथे फेरा सोळा घरांचा, लुडोत बावन्न. आणि चौघांत खेळताना कोणी ना कोणी तावडीत सापडतं. तुम्ही दोघंच, समोरासमोर. बाबा एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर उड्या मारत जातात, आईला मारायला काही मिळत नाही, आणि सोंगटी दारापर्यंत येऊन पुन्हा फेऱ्याला निघते. मग डाव पाचपर्यंत चालतो आणि बाबांची चारची गोळी राहते. (आई, हे मला काकूंनी नाही सांगितलं, तूच बोलून गेलीस.) तेव्हा हा नियम फक्त चार माणसं असतील तेव्हा. दोघांत नाही.

सुरुवातीच्या सहाचंही बघूया. बाबा अकरा वेळा टाकूनही सहा पडला नाही, तर त्यात आईने फाशाला काही केलेलं नाही. अकरांत एकदाही सहा न पडणं शंभरांतून तेरा-चौदा वेळा होतंच. तरी बसून बसून वैताग येतो हे खरं, म्हणून प्रत्येकाने एक सोंगटी आधीच बाहेर ठेवून डाव मांडायचा. आणि पुढे कधी चारही सोंगट्या मरून आत गेल्या तर एका पाळीला तीनदा टाकायचं.

आता जरा नाजूक. आईने सोमवारी बाबांची सोंगटी आपली म्हणून चालवली, त्यावरून तो "रडीचा डाव" शब्द आला ना? बाबा, तुम्ही निळे, ती हिरवी. पडदा लावलेल्या खोलीत, दुपारी तीन वाजता, मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना निळं आणि हिरवं सारखंच दिसतं. ती लबाडी करत नव्हती, आणि तिला ते सांगायचंही नव्हतं. आजपासून आई लाल आणि तुम्ही पिवळे. तेही पटावर समोरासमोरच येतात, बसायच्या जागा थोड्या फिरवा म्हणजे झालं. निळा तुमचा लकी आहे वगैरे मी ऐकणार नाही. अकरा वेळा सहा पडला नाही तो निळ्यावरच.

आणि आई, बाबांचा फासा सारखा दिवाणाखाली जातो म्हणून तू ओरडतेस. ते म्हणतात फासा गुळगुळीत आहे, तू म्हणतेस हात थरथरतो. आपण फाशाचं खरं मानू. पण गुडघे धरून वाकून दिवाणाखालून "सहाच आहे!" असं ओरडलेलं दान धरायचं नाही. पटाबाहेर गेलेला फासा पुन्हा टाकायचा, आणि वाकायचं कोणीच नाही. उद्या कुरिअरने चार फासे पाठवते, मोठ्या ठिपक्यांचे. फासा पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात टाका. झाकणाला काठ आहे, बाहेर जात नाही, आणि मुठीत खुळखुळवायची गरज नाही, नुसता सोडला तरी फिरतो. इथे मी आणि तुमची नात तसंच खेळतो. आणि बाबा, फासा गुळगुळीत असला तरी पुढच्या वेळी बीपी दाखवायला जाल तेव्हा हातही दाखवून या. आईला बरोबर न्या, नाहीतर तुम्ही "सगळं ठीक" म्हणून परत याल.

नात मे महिन्यात येतेय. मागच्या वेळेसारखं तिला लिंबूटिंबू करायचं नाही, आधीच बजावलंय तिने. ती आता सात वर्षांची आहे आणि हरली की पट उलथवते. हे कोणाकडून आलंय ते मी लिहीत नाही.

तुमची,
लेक

ता. क. आई, सोमवारचा डाव पुढे खेळून संपवा, टीपॉय मोकळा करा. पण ती तुझी सोंगटी मेलेलीच. पटावरून उचल आणि आत ठेव. मी काकूंना बघायला सांगितलंय.