पासाच्या रिकाम्या खुर्च्या

सोलापूर
कोजागरीनंतरचा सोमवार

प्रिय दिलीप,

पाच महिने ना पत्र, ना फोन. हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत बरी आहे, शुगर आटोक्यात. आता मूळ विषय, कारण तो तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

पाडव्याच्या दिवाळी पहाटेला प्रायोजक एक लाख द्यायला तयार आहे. बदल्यात पुढच्या रांगांतले २५० पास हवेत. मंडळातले सगळे म्हणतात, घेऊन टाका. पार्क चौकातलं आपलं भांडण आठव. तू म्हणालास, "सोलापूरकर तिकीट काढतो बे, पासाची सवय तुम्ही लावलीत." तेव्हा मी दोन आठवडे तोंड फिरवून बसलो होतो. आज वाटतं, तुझंच खरं होतं.

हिशेब बघ. कलाकार आणि वादक १,३५,०००. प्रवास, मुक्काम, जेवण ३५,०००. हॉल, लाइट, जनरेटर ५५,०००. परवाने, छपाई, जाहिरात ३५,०००. झाले २,६०,०००, आणि यात साउंड घरचा म्हणून धरलेलाच नाही. खुर्च्या ६००. पुढच्या २०० पाचशेला, मागच्या ४०० तीनशेला. एकूण एक तिकीट खपलं तरी २,२०,०००. म्हणजे हाउसफुल्ल होऊनही ४०,००० अंगावर.

आता त्या २५० पासांची किंमत काढ. पुढच्या २०० आणि मागच्या ५०, म्हणजे १,१५,०००. एक लाख घेऊन आपण एक लाख पंधरा हजारांचा माल देतोय! हां, सत्तर टक्केच खपणार असतील तर त्याच खुर्च्यांचे ८०,५०० होतात आणि मग लाखच बरा. मंडळाला नेमकी हीच भीती आहे आणि ती खोटी नाही. पण पासाची खुर्ची हॉलमध्ये रिकामी राहते. ज्याला फुकट मिळालं तो पहाटे पाचला अंथरूण सोडत नाही. गाणाऱ्यासमोर पुढच्या चार रांगा ओस आणि पैसे भरलेला माणूस मागून माना उंच करून बघतोय, हे दृश्य मला सहन होत नाही. पुढच्या वर्षी तो माणूस तिकीट का काढेल?

माझा विचार असा. पास फक्त ६०, प्रत्येकावर नाव. सुरू होण्याआधी १५ मिनिटं कुणी आलं नाही, तर ती खुर्ची मागच्या तिकीटवाल्याला. एका लाखवाल्याऐवजी तीस-तीस हजारांचे तीन लहान प्रायोजक. त्यांना तिकिटाच्या पाठीवर नाव आणि बाहेर स्टॉल. शेंगा चटणीवाला आणि चादरवाला जवळजवळ हो म्हणालेत. तिसरा सापडत नाही.

तू म्हणशील, मग पुढचं तिकीट सहाशे कर. नाही करत. पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, वर गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के. साउंडच्या धंद्यामुळे आपली नोंदणी आहे, त्यामुळे सहाशेतले हातात ५०८ रुपये. आठ रुपयांसाठी गिऱ्हाईक कशाला बिचकवायचं?

मोकळ्या मैदानाचा हट्टही मी मोडून काढला. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातल्या १५ दिवसांची सवलत रात्री १० ते १२ पुरती आहे, पहाटेला तिचा काही उपयोग नाही. साडेपाचला भूपाळी हवी तर बंद सभागृहच हवं. म्हणून हुतात्मा स्मृती मंदिर मागितलंय.

गाण्यांच्या हक्कांचंही बघावं लागतंय. हौशी मंडळाने फुकट श्रोत्यांसमोर गायलं तर कायद्यात सूट आहे, तिकीट लावलं की ती जाते. स्टेजवर गायचं तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना, मध्यंतरात रेकॉर्ड वाजवायची तर रेकॉर्डिंगचा वेगळा. अभंगाला काही लागत नाही ही समजूत अर्धवट आहे. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. रेकॉर्ड मी लावणारच नाही, तेवढा खर्च वाचला.

मला खरा घोर जनरेटरचा आहे. साउंड आता पोरं लावतात आणि न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची सामाईक तार, कुणी तपासत नाही. फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते फेज ४०० व्होल्ट. न्यूट्रलचा लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड, ढिला पडला की दोन फेजवरचे लोड एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि ज्या फेजवर लोड हलका तिथे व्होल्टेज चढतं, साडेतीनशेच्याही वर. लाइटपुढे साउंडचा लोड हलका, म्हणून पहिला बळी मिक्सरचा. पोरांना लिहून दिलंय: साउंडचा एकही प्लग न लावता तिन्ही फेज मोजा, मग सगळे लाइट पेटवून पुन्हा मोजा. एका फेजवर २१० आणि दुसरीवर २५० दिसलं की जनरेटर बंद करून लग आवळा. तीन वेळा आकडा जागेवर राहिला तरच साउंड जोडा.

पैशाचं उत्तर मला रस्त्यात दिसतंय. पुण्याहून हैदराबादला जाणारी मंडळी आपल्या दारावरूनच जातात. शनिवारी हैदराबादला कार्यक्रम असलेला गायक शुक्रवारी इथे कमी मानधनात थांबेल, कारण प्रवासखर्च अर्धा होतो. आपल्याकडे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड श्रोताही आहे, पण पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत आपण कधी पोस्टर तरी लावलं का? याच पहाटेच्या मंडळींना दुसऱ्या दिवशी बार्शीत गायला बसवलं तर प्रवासाचा खर्च दोन ठिकाणी वाटला जाईल. बार्शीच्या तुझ्या साडूला विचार, तीनशे तिकिटं खपवायची जबाबदारी घेतो का. त्याच्याकडून होकार आला की लाखवाल्याला मी नाही कळवतो. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

वहिनींचं प्रमोशन कळलं, अभिनंदन. चिन्मयच्या तबल्याच्या परीक्षेचं काय झालं? नवीन घराचा पत्ता पाठव.

पाडव्याला ये. पहिल्या रांगेतली दोन तिकिटं तुझ्या नावाने ठेवलीत, हजार रुपये आणायचे. आणि माझा मल्टीमीटर तुझ्याकडेच आहे, तो आदल्या दिवशी दुपारीच हवा.

तुझा,
सुधाकर