शारजाहून, आई-बाबांस

शारजा, शनिवार

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. हे आधी लिहिते, कारण मामाने ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ तुम्ही पाहिलात असं दादा म्हणाला. हो, ते आमचंच विमान. पण ‘हवेत आग लागली’ हे मामाच्या पदरचं. विमान उतरून जागेवर लागलं होतं, लोक बॅगा काढायला उठले होते.

आई, स्टोव्ह बंद केला तरी उरलंसुरलं रॉकेल भडकायचं, आठवतं? तसंच. इंजिन बंद झाल्यावर मागच्या नळकांड्यात साचलेलं इंधन पेटलं. कॉकपिटमधली आगीची घंटा वाजलीच नाही, कारण तिचे सेन्सर इंजिनाभोवती असतात, त्या नळकांड्यात नसतात. खाली उभ्या माणसाने हेडफोनवरून ओरडून सांगितलं. इंधन बंदच होतं, कॅप्टनने इंजिन नुसतं कोरडं फिरवलं आणि वाऱ्याने ज्वाळा विझली.

ड्युटीवर मागचा डावा दरवाजा माझा. लिव्हर नुकताच मॅन्युअलवर आणला होता, म्हणजे दार साधंच उघडेल असा; तो परत आर्म केला, म्हणजे दार उघडताच घसरगुंडी फुगेल असा, आणि खिडकीला नाक लावून उभी राहिले. नवं विमान मंजूर करताना निम्म्या दारांतून ९० सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं. पण घसरगुंडीवरून उतरताना माणसं पायही मोडून घेतात, म्हणून हुकूम येईपर्यंत दार उघडायचं नाही. नुसतं उभं राहणं हेच जड जातं. एक काका ट्रॉली बॅग डोक्यावर घेऊन निघाले, त्यांना मी मच्छीबाजारातल्या आवाजात ‘बसा!’ म्हटलं. चक्क मराठीत. ते मल्याळी, पण बसले. बंबवाल्यांनी बघितलं, मग सगळे चालत उतरले. संपलं.

बाबा, ‘नोकरी सोड’ म्हणताय. १ ऑगस्टला बंदी उठली की तुम्ही होडी काढता, तेव्हा मी म्हणते का?

इथे चहाची एक तऱ्हा आहे. टपरीसमोर गाडी लावायची आणि उतरायचं नाही. हॉर्न द्यायचा. मग पोऱ्या उन्हातून धावत येतो, ऑर्डर घेतो, परत जातो, कागदी कपातून करक, म्हणजे कडक दुधाचा, चहा आणून काचेतून देतो. दुकान चार पावलांवर! मागे दहा गाड्या, दहाही हॉर्न. मी पहिल्यांदा चालत गेले, तर पोऱ्यालाच कसंसं झालं. ‘गाडी कुठाय मॅडम?’ म्हणाला.

पैसे पाठवलेत. जाळ्याचा हप्ता आधी फेडा, कौलं नंतर. कुडाळच्या स्थळाला दिवाळीपर्यंत थांबा म्हणावं. त्यांना विमानातली मुलगी नको असेल तर आत्ताच सांगू देत, मला वाईट वाटणार नाही.

सोमवारी नेटवर्क नव्हतं असं मी म्हणाले ना, ते होतं. रिपोर्ट लिहून झाल्यावर बराच वेळ बोलवेना.

यंदाही चतुर्थीला रजा नाही. सलग तिसरं वर्ष, मोजू नकोस आई. गणपतीवरच्या माटवीला नारळ दादाला बांधू दे. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका.

तुमची,
बाय