मीटररूममागच्या पिल्लांच्या काकूंना

प्रिय काकू,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आमचं कुत्र्याचं पिल्लू तांबू आज घरी धडधाकट हुंदडतंय ते तुमच्यामुळे, आणि हे नेरुळात चार लोकांना कळायला हवं.

मीटररूमच्या मागे पिल्लं झाली तेव्हा माझ्या लेकीला त्याच आठवड्यात एक घरी हवं होतं. तुम्ही तिला हो म्हणालात, पण आठ आठवडे आईजवळ राहू दे म्हणालात. चावताना किती जोर लावायचा, भावंडांशी कसं वागायचं, हे पिल्लू आई-भावंडांतच शिकतं, हे तुम्ही तिला तिथेच पिल्लांची कुस्ती दाखवत समजावलंत. ती रोज शाळेतून आल्यावर तिथे बसायची. तिची घाई तुम्ही न रागावता ओळखीत बदललीत.

ते आठवडे तुम्ही आमचं घर तयार करण्यात घातलेत. गुडघे दुखत असताना तुम्ही आमच्या हॉलमध्ये फरशीवर पालथ्या झोपून टॉर्च मारलात, तो प्रसंग मी कधी विसरणार नाही. सोफ्यामागची चार्जरची वायर, टीपॉयखाली पडलेली सेफ्टी पिन, बेसिनखालचं फिनेल, एकेक बाहेर आलं. बाल्कनीच्या ग्रिलमधून तुम्ही मूठ घालून पाहिलीत. ‘‘डोकं गेलं की अख्खं पिल्लू गेलं,’’ म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाळीवाल्याला घेऊन आलात. कुंडीतली कण्हेर त्याच दिवशी खाली गेली.

सासूबाईंशी तुम्ही ज्या मायेने बोललात, त्याचे आभार वेगळे. त्यांच्या लेखी पिल्लू म्हणजे दूध-पोळी. ‘‘वहिनी, गाईच्या दुधातली साखर यांना नीट पचत नाही, जुलाब होतात,’’ एवढंच म्हणालात आणि भात, उकडलेलं चिकन कसं कालवायचं ते त्यांनाच शिकवलंत. चॉकलेट कुत्र्याला चालत नाही हे आम्हाला ऐकून माहीत होतं. कांदा, लसूण आणि मनुकाही विषारी, हे नव्हतं. आता सत्यनारायणाच्या शिऱ्याची वाटी सासूबाई स्वतः उचलून वर ठेवतात.

पहिल्या रात्रीसाठी तुम्ही गोधडीचा एक तुकडा आधीपासून आईच्या अंगाखाली घालून ठेवला होता. तांबू रडायला लागला की तो तुकडा त्याच्या खोक्यात, खोकं आमच्या पलंगाशेजारी आणि माझा हात खोक्यात. तो त्यात नाक खुपसून झोपला. शू-शीचंही तेच, आरडाओरडा नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच कागदावर न्यायचं आणि केली की तिथल्या तिथे शाबासकी द्यायची. नाक घासण्याचा सल्ला देणारे खूप भेटले. तुम्ही मात्र ठाम होतात की त्याने पिल्लू फक्त घाबरतं आणि पुढे लपून करायला लागतं.

सगळ्यात मोठं ऋण लसींचं. आधीच्या वेतातली पिल्लं पार्वो विषाणूने गेलेली तुम्ही पाहिली होती. रक्ताचे जुलाब, उलट्या आणि दोन-चार दिवसांत खेळ संपतो. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनेलने मरत नाही, ब्लीच लागतं. म्हणून तुम्ही चपला दाराबाहेर काढायला लावल्यात आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्याला बागेत खाली ठेवू दिलं नाहीत. तरी त्याला जगापासून तोडलं नाहीत. कडेवर घेऊन स्टेशनचा गजबजाट, रिक्षांचे हॉर्न, कुकरची शिट्टी, सगळं त्याला याच वयात दाखवा म्हणालात. आज तो कुकरला कानही हलवत नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विरोध झाला तेव्हा भारतीय पशू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक तुम्ही शांतपणे वाचून दाखवलंत, की बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. आणि लगेच आमच्याकडे वळून म्हणालात, लिफ्टमध्ये पट्टा हवा, घाण झाली तर उचलायची, महापालिकेचा परवाना काढायचा. दोन्ही बाजू एकाच दमात सांगणारं माणूस क्वचित भेटतं.

आणि तांबूची आई! पिल्लं दूध सोडून खायला लागल्यावर तुम्ही तिची नसबंदी आणि रेबीजची लस करून घेतलीत. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच घेऊन ती पुन्हा तिच्याच जागी सुखाने पडलेली असते. हे काम कुणी मोजत नाही.

तांबूला रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर मिळाली, सोळाव्या आठवड्याचा शेवटचा डोसही झाला. आता पाऊस सुरू झालाय, त्यामुळे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची, लस वेळेत झाली याचंच मोठं समाधान. साचलेल्या पाण्यात त्याला नेणार नाही, फिरून आल्यावर पंजांच्या बेचक्यांत आणि कानात गोचीड बघणार, तुम्ही दाखवलंत तसंच. डॉक्टरांनी आणखी आठवडाभर थांबायला सांगितलंय. त्यानंतर सकाळी तुम्ही खाली कुत्र्यांना खायला घालायला उतरता, तेव्हा आम्हीही येऊ. भाताचं पातेलं यापुढे लेक उचलेल, तुम्ही गुडघ्यांना जपा.

तुमची,
तांबूच्या घरची