टाकीला तळच नाही!

महोदय,
गावी घर बांधताना गवंडी म्हणाला, ‘‘काका, सेप्टिक टाकीला खाली काँक्रीट कशाला? जांभ्या दगडात पाणी आपोआप मुरतं.’’ शेजाऱ्यांनी तेच केलंय. वीस वर्षांत त्यांची टाकी एकदाही भरली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! भरेल कशी? सगळं खालून झिरपतंय आणि उताराला माझी विहीर आहे.

मी हट्टाने तळ घातला, दोन कप्पे केले, आत-बाहेर टी (T) आकाराचे पाइप बसवले. टाकीतून बाहेर पडणारं पाणी मुरवायचा शोषखड्डा मात्र चुकला. मे महिन्यात खणला तेव्हा आठ फुटांवरही दगड कोरडा ठणठणीत. जुलैत त्याच खड्ड्यात काठी घातली, तर वरून दोन फुटांवरच पाणी लागलं! मुरायला जागाच नाही. आता तो विहिरीपासून लांब, ५० फुटांपलीकडे, उथळ चर खणून करतोय. म्हणजे खर्च दुप्पट आणि घरच्यांची बोलणी फुकट.

ग्रामपंचायतीत नकाशा दिला, तेव्हा त्यावर टाकीचा चौकोन होता. तळ, विहिरीचं अंतर, गाळ उपसणारी गाडी टाकीपर्यंत येईल का, काहीच कुणी विचारलं नाही. पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरच्या, घरांत गाडी पोचतच नाही. निदान टाकी झाकण्याआधी कुणीतरी येऊन आत डोकावावं, एवढी सोय होईल का?

– एक निवृत्त शिक्षक, संगमेश्वर (जि. रत्नागिरी)